लाल हापशीचं पानी

...अर्ज कर म्हने! पानी आमच्या टोलीतलं, हापशी आमच्या टोलीतली, बाटली भरली ती बी शकुबाईच्या पान्याच्या गुंडातून, आन् त्या पान्यात काय निघालं हे इचाराले बाई सौसरले गेली तं अर्ज कर म्हने... बसा, बसा, उभे काहून, तो लोटा घ्या, पानी प्या आधी, उन्हातून आले तुमी, मी काय, मी म्हातारी एकदा बोलाले लागली का माह्या तोंडाले झाकन नाही, तुमी आपले पीत पीत आयका. तं काय सांगून राह्यली होती? हं. शकुबाई. त्या बाईनं काय मांगतलं होतं? जमीन मांगतली? पोराले नोकरी मांगतली? प्याचं का नाही प्याचं, येवढंच तं इचारलं होतं बाईनं.

तुमाले सांगतो, ही हापशी येयाच्या आधी आमची टोली, गावाखालची ही वस्ती, पानी कुठून आने? वरच्या गावातून, यशवंतराव पाटलाच्या विहिरीवरून. आने म्हंजे काय, तर शकुबाईनं आपला गुंड विहिरीपासून दूर, त्या पांढऱ्या गोट्यापाशी ठेवाचा आन् उभं राह्याचं. दोराले हात लावाचा नाही. कोनाले दया आली तं तो वरून धार सोडे, नाही आली तं ऊन डोक्यावर येये. शकुबाईच्या बापानं धम्म घेतला तवा घरातले देव नदीत सोडले, गावासमोर ताठ चालाले लागला, पोरीलेही तसंच चालाले शिकवलं. बाई म्हने, माह्यी मान तं ताठ झाली वं, पन हा गुंड सुधरत नाही, हा रोज उठून त्याच गोट्यापाशी जाऊन बसते.

मंग मोहगावच्या रस्त्यानं एक दिवस बोरिंगची गाडी आली. दिवसभर धडधड, जमिनीतून पांढरा भुरका उडून राह्यला, लेकरं नाचून राह्यले, आन् संध्याकाळी हापशीच्या तोंडातून पानी पडलं. थंडगार, काचेसारखं. पयली दांडी शकुबाईनं हानली. सोताच्या हातानं, सोताच्या टोलीत, कोनाच्या दयेबगर. त्या दिवशी तिनं गुंड भरला, रिकामा केला, आन् परत भरला, नुसतं भराचं सुख पाह्याले. टोलीतल्या बायका हासल्या तिले, पन हासता हासता साऱ्याईनं तसंच केलं.

त्याच्या पुढच्या साली शकुबाईले नात झाली. अलका. हापशीच्या पान्यावर वाढलेली टोलीतली पयली पोट्टी. दुधाचे दात पडले, नवे आले, तं ते दात कसे, त्याच्यावर कत्थ्या रंगाचे आडवे पट्टे, जसं काई पोट्टी पानाच्या ठेल्यावर कामाले होती. घासले कोळशानं, घासले मिठानं, पट्टे काई जात नाही. मंग तिचे गुडघे आत वळाले लागले. चाले तं गुडघ्याले गुडघा लागे. मोहगावचा डाक्टर म्हने, दूध पाजा. दूध! कुठून पाजा? त्यानं गाय नाही सांगतली, नुसतं दूध सांगतलं. शकुबाईनं बसून इचार केला, दिवसभर संत्र्याच्या बगीच्यात काम करता करता केला, का टोलीतल्या मोठ्या मानसाईचे दात चांगले, माह्ये चांगले, माह्या लेकाचे चांगले, आन् हापशीनंतरच्या लेकराईचे मातर साऱ्याईचेच पट्टेवाले. घरं वेगळे, मायबाप वेगळे, खानं वेगळं. एक काय? पानी एक.

आता इचार आला म्हंजे बाईनं हापशी सोडावी का नाही? तुमी म्हनाल सोडावी. बसल्या जागेवरून सोपं हाय म्हनाले. सोडून जावं कुठं? त्याच गोट्यापाशी. म्हनून तिले पक्कं पाहिजे होतं. नुसत्या शंकेनं कोन जाऊन बसते परत त्या गोट्यापाशी, सांगा?

आन् तेवढ्यात, तुमाले सांगतो, जीप आली. पानी तपासनारे. शकुबाईले वाटलं, चला, आपन न बोलावता आले. साहेबानं तिच्याच गुंडातून बाटली भरली, वरून चिठ्ठी चिपकवली, वरच्या गावात जाऊन पाटलाच्या विहिरीची बी एक भरली. मंग वापस आला आन् लागला इचाराले, आमच्याकडं सरकार हिंदीतच बोलते. नाम क्या है अम्मा. बाईनं नाव सांगतलं. घर में कितने लोग. सांगतले. बच्चे कितने. सांगतले. बच्ची, दाँत दिखाओ. अलकानं आ केला. साहेबानं पाह्यलं, संगच्या मानसाले काईतरी इंग्रजीत म्हनला, त्यानं लिहून घेतलं, दोघाईनं मुंड्या हालवल्या. चालवून पाह्यलं, गुडघे दाबून पाह्यले. सारं घेतलं बाप्पा. नाव घेतलं, गाव घेतलं, पानी घेतलं, पोरीच्या तोंडात पाहून घेतलं. शकुबाई म्हने, साहेब, काय हाय पान्यात? साहेब म्हने, जाँच होगी. बाई म्हने, मंग सांगान ना? साहेब म्हने, हाँ हाँ. आन् जीपीचा भुरका.

पावसाळा गेला. कापूस निंघाला. जीप काई आली नाही. मंग एक दिवस बाईनं कपाशीची येचाई सोडली, त्या दिवसाची रोजी पान्यात सोडली, आन् पायी सौसरले गेली, त्या पानी तपासनाऱ्याईच्या हापिसात. आता त्या हापिसाचं नाव मी घेत नाही, नाव घेतलं का मंग मलेच अर्ज कराले लावतीन. तिथं एक चष्म्यावाला बाबू.

"क्या चाहिए?"

"बाबूजी, आमच्या टोलीच्या पान्यात काय निंघालं?"

"किसलिए चाहिए?"

किसलिए! आता पानी कायसाठी असते? शकुबाई म्हने, "प्याचं हाय बाप्पा, अजून कायले?"

बाबू म्हने, "सरपंच हो?"

"नाही."

"पटवारी ने भेजा है?"

"नाही. मी सोता आली."

"तो तुम हो कौन?"

"पेनारी हाय," म्हने शकुबाई.

बाबूले ते काई जमलं नाही. त्याच्याजवळ सरपंचाची जागा होती, पटवाऱ्याची होती, पेनाऱ्याची जागाच नव्हती. मंग तो समजावल्यावानी बोलाले लागला, लहान लेकराशी बोलते तसा, देखो अम्मा, ये जाँच कोई तुम्हारे अकेले के लिए थोड़ी हुई है, ये तो पूरी जनता के लिए हुई है. बाई खूष. म्हने, मंग साऱ्या जनतेले सांगा, मी बी त्यात उभी राह्यतो. बाबू म्हने, सबको कैसे बता दें? बाई म्हने, मंग मले एकटीले सांगा. तो म्हने, अकेले तुमको कैसे बता दें? सांगा आता! साऱ्याईचं हाय म्हनून एकाले सांगत नाही, आन् साऱ्याईले सांगाचं तं घबराहट फैल जाएगी म्हने. शकुबाई म्हने, घबराहट तं पसरली बाबूजी, माह्या नातीच्या गुडघ्यात पसरून राह्यली.

मंग म्हने, रिपोर्ट अंग्रेजी में है, तुम क्या समझोगी. बाई म्हने, मले तं मराठी बी वाचता येत नाही, पन तुमाले समजली ना? मंग एक शब्द सांगा. हौ म्हना का नाही म्हना. प्याचं का नाही प्याचं? बाबू म्हने, हमारा काम सिर्फ जमा करना है. जमा करना! अवो, धान्य जमा करते तं पुढं खाले करते, लाकडं जमा करते तं पावसाळ्यात जाळाले करते, हे काय जमा करून राह्यले आन् कोनाच्या पावसाळ्यासाठी? पन बाबूनं तेवढ्यात सांगतलं का तुमचं गाव पांढुर्ण्याच्या हापिसात असन, तिकडं पाहा.

गेली. पांढुर्ण्याले गेली, यष्टीनं गेली, उभ्यानं गेली. तिथला बाबू चांगला, त्यानं बसाले सांगतलं, चहाचं बी इचारलं, आन् म्हने, माय, तुमचं गाव सौसरात येते. म्हंजे झालं काय, पानी टोलीत, बाटली कुठं, कागद कुठं, आन् बाई यष्टीत. परत सौसरले. चष्म्यावाला म्हने, तुम फिर आ गई? ऐसा करो, अर्ज करो. अर्जात कारन लिव्हा लागते, कारनाले वरून मंजुरी लागते, मंजुरी आली का मंग पाहू. आन् मिलेगा तो किसी को दिखाना मत, हाँ? म्हंजे पाह्या! नाही देला तेव्हाच दाखवाची मनाई.

प्याचं का नाही प्याचं, येवढंच तं इचारलं होतं बाईनं.

आता आयका गंमत. गंमत कायची, डोकं फोडाची गोष्ट हाय, पन आयका. काई दिवसानं एक मानूस सायकलवर आला, हातात रंगाचा डबा आन् ब्रश. हापशीपाशी उतरला, हापशीचं डोकं पुसलं, आन् तिले रंग फासला. लाल. लाल बी कसा, तो लोखंडाले लावते तसा, शेंदरी-लाल. बायका म्हने, काहून लावून राह्यला भाऊ? तो म्हने, आदेश हाय. म्हने, कायचा आदेश? तो म्हने, रंगाचा. डब्याचं झाकन लावलं आन् गेला पुढं. त्याले तरी कोनं सांगतलं असन, म्हना.

तो होता शुक्करवार. दुसरा दिवस कोनता? शनवार. सकाळी वरच्या गावचा गुनवंता बैल घेऊन टोलीच्या रस्त्यानं चालला. त्यानं पाह्यलं, खालच्या टोलीत, उगवतीच्या उन्हात, शेंदरानं माखलेलं डोकं, थेंब थेंब तेल गळून राह्यलेलं. तेल नव्हे बाप्पा, रंग ओला होता. पन गुनवंता जामसांवलीच्या मारोतीले दर शनवारी जानारा मानूस, त्यानं तिथंच बैल सोडले आन् लंबा पडला. मारोती आला, मारोती आला! दुपारपावतर नारळ आले, रुईच्या पानाईचे हार आले, हापशीच्या दांडीले हार घातला तं ती दांडी हालवाची कशी हा एक प्रश्न झाला. कोनी म्हने, जामसांवलीचा झोपलेला हाय, हा उभा हाय. कोनी म्हने, दांडी नव्हे, गदा हाय ती.

शकुबाई ओसरीतून पाहून राह्यली. ज्या वरच्या गावातलं मानूस आमच्या टोलीत पाय टाकाचं म्हनलं का नाकाले पदर लावे, ते सारं गाव घागरी घेऊन रांगेत उभं. तीर्थ हाय म्हने. तान्ह्या लेकराईच्या तोंडात बोटानं सोडून राह्यले. आन् शकुबाई आपला गुंड घेऊन गेली तं गुनवंता म्हने, "शकु, चप्पल तिकडं काढ. आन् जराशी मांगं उभी राह्य, मारोतीले इटाळ होते."

बाईच्या डोक्याची शीरच तडकली. म्हने, "गुनवंता, हापशी आमची, दांडी आमी हानतो, आन् आमीच मांगं?"

"आता तुमची नाही राह्यली," म्हने तो. "आता देवाची झाली."

बापानं देव नदीत सोडले होते, आन् सरकारानं डब्यातून वापस धाडले.

आठवडाभरात यशवंतराव पाटलानं सिमेटचा ओटा बांधून देला, वर टिनाचं छप्पर, घंटी. पाटलाचं नाव ओट्यावर ओल्या सिमेटात काडीनं लिव्हलेलं. शकुबाईच्या मनात मातर एकच किडा. देव तं आला नाही, मंग रंग काहून आला? सरकार फुकटचा रंग लावत नाही. परत येचाई सोडली, परत रोजी बुडाली, परत सौसर.

आन् ह्या बारी ती आत गेलीच नाही. गरजच नाही पडली. हापिसाच्या आवारात एक हापशी हाय. बाईनं पयले दोन्ही बारी पाह्यली नव्हती, कोन पाहाते. तिचं डोकं बी तसंच लाल, जुनं, पोपडे आलेलं. तिथं हापिसाचा चपराशी मोतीराम साहेबाची सायकल धुऊन राह्यला होता. आन् प्याचं पानी? ते तो रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून बकेटीत आने. बाई म्हने, "भाऊ, ही हापशी दारात असून पलीकडून काहून आनता?"

मोतीराम म्हने, "ही लाल हाय ना, माय."

"लाल हाय म्हंजे?"

"लाल म्हंजे प्याचं नाही. धुयाले चालते, वापराले चालते. प्याले नाही." आन् लागला चाकाचे तार पुसाले, जसं काई त्यानं वेळ सांगतली.

झालं. ज्याच्यासाठी बाई पांढुर्ण्याले जाऊन आली, ते चपराशाले माहीत. बाबूले माहीत. साहेबाले माहीत, साहेबाच्या सायकलीले माहीत. ज्याईले ते पानी प्याचं नव्हतं त्या साऱ्याईले माहीत होतं. बाई तशीच आत गेली, साहेबापाशीच गेली, चष्म्यावाला नाही नाही म्हनत राह्यला. म्हने, साहेब, लाल म्हंजे प्याचं नाही, हे आमाले काहून नाही सांगतलं? साहेबानं मान वर केली, आन् तुमाले सांगतो, मानूस काई रागावला बी नाही. शांतपने म्हने, "बता तो दिया. रंग लगवा दिया न? जनता को सूचित किया जा चुका है."

शकुबाई सौसरवरून पायी वापस आली ते सरळ ओट्यावर चढली. चप्पल घालून. घंटी वाजवली, साऱ्याईले आयकू जाईन असं सांगतलं, आयका वं, हा देव नाही, हे पानी प्याचं नाही, लेकराईले पाजू नका, माह्या अलकाचे दात पाहा. अलकाले उभं केलं, आ कराले लावला. लपवलं काही नाही, कोनापासून नाही, कोन आपलं कोन परकं नाही पाह्यलं, कोनाले कारन नाही इचारलं. फुकट सांगतलं. मंग?

गुनवंता म्हने, देवाच्या पान्याले नाव ठेवून राह्यली. दुसरा म्हने, आपली हापशी गेली म्हनून पोट दुखते. तिसरा म्हने, अशिक्षित बाई, तिले कोनं सांगतलं? चपराशानं? पाटील म्हने, सरकारी कागद दाखव. कागद! दाखव म्हने! आयकलं का? तिकडं कागद हाय, दाखवत नाही. इकडं कागद दाखव म्हनते, तिच्याजवळ नाही. खरी गोष्ट दोघाईच्या मधात रस्त्यावर उभी, चप्पल घालून.

मंग बाईनं गुंड उचलला आन् मान खाली घालून निंघाली वरच्या गावाकडं, त्या पांढऱ्या गोट्यापाशी. नातीसाठी काय, तिनं गोटा बी गिळला असता. गोट्यापाशी गुंड ठेवला. उभी राह्यली. वाट पाह्यली. कोनी येईना. अजून वाट पाह्यली. मंग तिच्या ध्यानात आलं का कोनी येनारच नाही. सारं गाव खालच्या टोलीत तीर्थ भरून राह्यलं होतं. विहीर एकटी. दोर एकटा. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, आन् शकुबाईनं दोराले हात लावला. आयुष्यात पयल्यांदा. बकेट सोडली, वढली, भरली. विहिरीले काई झालं नाही. आभाय तिथंच होतं.

दुसऱ्या दिवशी पुष्पा आली तिच्या संगं, तिची सून. मंग कमल. मंग सारी टोली. पाटलाची विहीर आमची झाली वं, आन् कशानं झाली? कोर्टानं नाही, कोनाच्या दयेनं नाही. रंगाच्या डब्यानं. आमी विहिरीवर, ते हापशीवर. शकुबाई हासे, पन हासता हासता थांबे. कारन खालून घंटी आयकू येये, आन् घंटीसंग लेकराईचा आवाज.

मंग एका दुपारी, सारे शेतात, शकुबाईच्या दारात कोन यावं? अंबाबाई. यशवंतरावाची बायको, पाटलीनबाई. डोक्यावरून पदर खाली वढलेला. उभ्या उभ्याच, आवाज एवढासा.

"शकु. खरं खरं सांग वं. प्याचं का नाही प्याचं? सून पोटुशी हाय माह्यी."

आता पाहा. शकुबाईले काय काय म्हनता आलं असतं. किसलिए चाहिए, म्हनता आलं असतं. तुमी कोन, म्हनता आलं असतं. अर्ज कर, म्हनता आलं असतं, आन् कोनी तिले बोल बी नसता लावला. तिले हे बी माहीत होतं का पाटलाचं घर हापशी सोडून विहिरीवर आलं का दोर परत पाटलाचा होते. तोंडात एक शब्द धरून बाई उभी राह्यली, आन् तो शब्द जड होता. पन पुढं पोटुशी सून होती.

"नका पेऊ," म्हने शकुबाई. "लाल म्हंजे प्याचं नाही. सुनेले तं थेंब नका देऊ."

अंबाबाईनं मान हालवली. जाता जाता वळली. "कोनाले सांगजो नको मी इचारलं म्हनून. ओटा ह्याईनं बांधला ना, त्याईची शोभा जाईन."

आन् गेली. दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या घरचं पानी विहिरीवरून. चुपचाप. दोराजवळ गडी उभा केला. बाकी गाव अजून हापशीवर, घंटी वाजवून, अंबाबाई आरतीले सोता जाते, तीर्थ हातात घेते, आन् पदरात सोडते. खरी गोष्ट कोंडाचं कपाट पयले सौसरले एकच होतं, आता दुसरं पाटलीनबाईच्या पोटात. आन् शकुबाईचा गुंड? तुमाले काय सांगू, त्या पांढऱ्या गोट्यापाशी. गडी वरून धार सोडते, ते बी अंबाबाईनं सांगतलं म्हनून. उपकार फेडले.

प्याचं का नाही प्याचं, येवढंच तं... हं? तो लोटा अजून तसाच भरलेला? मी मघापासून बोलून राह्यली, तुमी एक घोट नाही घेतला, नुसतं एकमेकाईकडं पाहून राह्यले. समजलं मले. इचारा ना, इचाराले लाजता कायले. प्या हो, हापशीचं नाही, विहिरीचं हाय. काय म्हंता? विहिरीचं तपासलं का? तपासलं ना. त्याच जीपनं, त्याच दिवशी, त्याची बी बाटली नेली, मी नाही का सांगतलं. विहिरीले काही लाल रंग लावला नाही, पन विहिरीले लावतीन तरी कुठं... काय निंघालं त्याच्यात, म्हंता?

अर्ज करा.